धारच्या स्तंभापासून पुण्याच्या भट्टीपर्यंत

देवास, रविवार

प्रिय सखे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी धारला मावशीकडे होते. दुपारी लाट मशिदीत जाऊन आले. भोजराजाच्या काळातला म्हणतात तो लोखंडी स्तंभ तिथे तीन तुकड्यांत पडलाय, मिळून 13 मीटर तरी भरावेत. लोखंडाचे तुकडे तापवून, ठोकून, एकमेकांना जोडत घडवलेला. मी सांधेच शोधत बसले, कारण डोक्यात माझा इंपेलर होता.

धातूचा पार्ट छापून घेण्यात एवढं काय अवघड, असं तू विचारलंयस. अगं, जुन्या पंपाचा बंद इंपेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक), ओतकामाचा पॅटर्न केव्हाच हरवलेला, आणि हवे दोनच नग. तेवढ्यासाठी नवा पॅटर्न कोण करणार? म्हणून 316एल स्टीलच्या पावडरीतून छापायचं ठरलं. तीन कोटेशनं आली, मी सगळ्यात स्वस्त धरलं. पार्ट आला तो वाकलेला, शाफ्टवर बसेचना. लेझर पावडरीचा एकेक थर वितळवतो, थर निवताना आकसतो, तो ताण आत साठतो. आधी ज्या प्लेटवर छापला त्या प्लेटसकट भट्टीत घालून ताण काढायचा, मग वायरकटनं सोडवायचा. त्या स्वस्तवाल्यांनी भट्टीआधीच सोडवला. पण माझ्या ऑर्डरीतही भट्टीचा शब्द नव्हता. महाग कोटेशनात तो होता, आणि मी नुसता शेवटचा आकडा वाचला होता! याचं मला फार वाईट वाटलं.

आता सगळं विचारते. पावडर कुठल्या लॉटची, किती वेळा वापरलेली? पार्ट उभा छापणार की आडवा? (थरांच्या दिशेनं ताकद बदलते.) मशिनिंगला किती माल सोडणार? त्याच प्लेटवर टेस्ट बार छापून देणार ना?

आणि हे काम आपल्याकडे होतं, चांगलं होतं. इस्रोनं 9 मे 2024 ला पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं, छापलेलं पीएस4 इंजिन 665 सेकंद चालवून पाहिलं. 14 भागांचा एक झाला, 19 वेल्ड गेले. ते छापलं विप्रो थ्रीडीनं. इथे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही लेझरनं धातूचे थर चढवण्यावर काम चालतं.

पुण्याचा एक पुरवठादार मला फार आवडला. दर सांगण्याआधी त्यानंच विचारलं, “ताई, आतल्या वाटेचा उतार थोडा वाढवला तर चालेल का? आत सपोर्ट लागणार नाहीत, आतून ते काढताही येत नाहीत.” ऑर्डर त्यालाच दिली. गुरुवारी प्लेट भट्टीतून निघेल. वायरकटवर चढेल तेव्हा मी समोर उभी असेन, बुधवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलंय.

तुझीच