सड्यावरचं पाणी
सह्याद्रीतले जलरंग : लेखांक चौथा

सातारा, गुरुवार रात्र

खंबाटकीपर्यंत ऊन होतं. घाट ओलांडला आणि आभाळ खाली उतरलं. साताऱ्यात शिरले तेव्हा अजिंक्यताऱ्याचा माथा ढगात गेला होता.

उद्याचं सामान लावून ठेवलं. 300 जीएसएमचा सुती कागद, दोन गोल ब्रश, एक जुना चपटा, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचा मोठा कागद, छत्री. रंग मोजकेच घेतले: अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, क्विनाक्रिडोन मजेंटा, बर्न्ट सिएना, एक लिंबाळ पिवळा. नळीतला तयार हिरवा बरोबर घेत नाही. सप्टेंबरातल्या सड्यावर, म्हणजे कासच्या खडकाळ पठारावर, हिरव्याच्या इतक्या छटा असतात की त्या तिथेच, निळ्या-पिवळ्यातून आणि चिमूटभर सिएनातून काढाव्या लागतात.

कास, शुक्रवार

यवतेश्वरच्या घाटातून सकाळी लवकर वर आले. कासचा सडा समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर आहे. फुलांमुळे त्याचं नाव झालं, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही ते गेलं. पण चित्रकाराने इथे आधी पाहायची गोष्ट फूल नाही. आधी दगड पाहावा. खाली सगळा जांभा, त्यावर मातीचा थर बोटभर, कुठे वीतभर, कुठे अजिबात नाही. पावसाचं पाणी खोल मुरायला वाव नाही, त्यामुळे ते वरच थांबतं, पाझरतं, खळग्यांत साचतं, उताराला लागून निघून जातं. फुलं त्या पाण्याच्या मागोमाग येतात.

हे एकदा ध्यानात आलं की सड्याचा नकाशा डोळ्यांपुढे उलगडतो. जिथे खडकावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत सरकत असतो, तिथे सीतेची आसवं, जांभळट निळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ही वनस्पती किडे धरून खाते, कारण तिथल्या मातीत पोषणच नाही. त्याच ओलीत दवबिंदूची लाल केसाळ पानं. डबक्यात आणि त्याच्या कडेला गेंदाचे पांढरे गोळे. माती जरा जाड झाली की तेरड्याचा गुलाबी आणि कवल्याचा पिवळा सुरू होतो, त्या पिवळ्यात दोन लाल ठिपके. आणखी उंचवट्यावर सोनकी. काठाच्या मातीत टोपली कारवी, तिचा बहर सात वर्षांनी.

म्हणून मी सड्याचं चित्र फुलांपासून सुरू करत नाही. कागदावर आधी नुसतं पाणी घालते, सगळीकडे सारखं नाही. एका पट्ट्यात भरपूर, एका ठिकाणी ओलसर, काही जागा कोरड्या. मग त्या पाण्यात रंग सोडते. भरपूर पाण्यात मजेंटा आणि अल्ट्रामरीन पसरत जातात, कडा राहत नाही. ओलसर जागी ठिपका थोडा फुलून थांबतो. कोरड्या जागेवर ब्रश घासला की कागदाचा खरबरीतपणा वर येतो आणि जांभा दिसायला लागतो. पाण्याची खोली बरोबर धरली तर फुलांच्या जागा आपोआप बरोबर पडतात. एकेक पाकळी काढत बसणाऱ्या चित्रात मला वनस्पतीची ओळख मिळते, सडा मिळत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकासाठी पाकळी मोजून काढणाऱ्यांबद्दल मला अतिशय आदर आहे. ते काम वेगळं आणि माझ्या कामापेक्षा अवघड आहे.

अल्ट्रामरीनबद्दल आणखी थोडं. हा रंग पाण्यात असताना त्याचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि वाळताना कागदाच्या खळग्यांत बसतात. सिएनाबरोबर मिसळला की दोन्ही वेगवेगळे बसतात, राखाडीत निळे आणि तांबूस कण दिसत राहतात. ओल्या जांभ्याचा रंग मला याशिवाय दुसऱ्या कशानेही मिळालेला नाही. फ्थॅलोसारखे रंग याच्या उलट वागतात. त्यांचे कण अतिशय बारीक, ते कागदात शिरतात आणि पुसता येत नाहीत. सड्यावर मी ते वापरत नाही. इथे काहीही पक्कं डागासारखं बसलेलं नसतं.

दुपारी रस्त्याच्या कडेला बसले होते. पहाऱ्यावरचे एक मामा आले. म्हणाले, "ताई, जरा अलीकडं सरका. तुमच्या चटईखालनं पाणी वाहतंय."

"कुठं जातं हे?"

"हिकडचं तळ्यात. त्या अंगाचं कोयनेकडं."

मी सरकले. ते बराच वेळ मागे उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "फुलं कमी काढलीत, पण वल बरुबर आली." या कौतुकाने दिवस भरून गेला.

कास, शनिवार

आज दिवसभर धुकं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. येणारे लोक निराश होऊन गाड्यांत बसत होते. मला मात्र याच दिवसासाठी यायचं होतं.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. तो राखावा लागतो, नंतर आणता येत नाही. धुक्याचं चित्र म्हणजे जवळजवळ सगळा कागद राखायचा आणि थोडक्यात सांगायचं. काही जण पांढऱ्या जागा मास्किंग फ्लुइडने झाकून घेतात. धुक्यात ते चालत नाही, त्याने कडा कापल्यासारखी तीक्ष्ण येते आणि धुक्याला कडाच नसते. त्यापेक्षा ओला रंग कोरड्या ब्रशने हलकेच उचलावा. जलरंगाचा डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे वाळलेला रंगही थोडा मागे घेता येतो.

कागद राखण्यावरून आठवलं: चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हातात समई घेतलेली तरुणी, ज्योतीपुढे आडवा हात, बोटांमधून येणारा उजेड. बघणाऱ्यांना ते तैलचित्र वाटतं, पण आहे जलरंगात. अंधाराचे थर एवढे खोल नेऊनही उजेडाची जागा त्यांनी मळू दिली नाही. मराठी चित्रकारांच्या हाती हा संयम होता आणि तो निसर्गचित्रातही दिसतो. कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठी राहून तिथलं पाणी आणि झाडं रंगवत राहिलेले आबालाल रहमान आठवा. एकाच परिसराला इतकी वर्षं देणं मला आज फार मोठं वाटतं.

हवेत ओल इतकी की वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळायलाच तयार नाही. पुण्यात उन्हाळ्यात ब्रश उचलेपर्यंत कड धरते, इथे तासाभराने हात लावला तरी कागद गार. त्यामुळे थरावर थर चढवता येत नाही, पण ओल्यात ओला रंग सोडायची मुदत लांबते. सह्याद्रीचा पाऊस सह्याद्रीच्या ओलीतच रंगवावा, असं माझं ठाम मत आहे. फोटोवरून, पंख्याखाली बसून केलेल्या चित्रात दृश्य येतं. इथे हवाच रंगाला धरून ठेवते, ते तिथे घडत नाही.

सातारा, रविवार

सड्यावर गर्दी, म्हणून खोलीवरच थांबले. ॲक्रिलिक काढलं. त्यातलं पाणी उडून गेलं की रंग धरणाऱ्या प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून पक्के होतात आणि मग पाण्याने सुटत नाहीत. धुक्याला हे उपयोगाचं नाही. पण जांभ्याला चांगलं. पातळ ॲक्रिलिकचे थर दिले, खालचा न हलता वरचा बसत गेला, भोकाभोकांचा लालसर दगड उभा राहिला. एकाच चित्रात खडक ॲक्रिलिकने आणि त्यावरचं पाणी जलरंगाने करून पाहायचं मनात आहे. पाणी ज्याला हलवू शकत नाही ते पक्क्या रंगात, बाकी सगळं विरघळणाऱ्या रंगात.

बामणोली, सोमवार

शिवसागर काठोकाठ भरलेला. कोयना धरणाचं हे पाणी इथवर पसरलंय, पलीकडे वासोट्याच्या रांगा एकामागे एक. सड्यावर अंतर नसतं, सगळं पायाशी. इथे सगळं अंतरच. जवळची रांग हिरवी, पुढची निळसर, शेवटची आभाळाहून किंचित गडद. सर्वांत लांबची रांग आधी, सर्वांत पातळ. कोबाल्टने केली.

विरुद्ध बाजूच्या ओल्या कड्यांवर ऊन पडलं, तेव्हा गवाश वापरला. त्यातही रंग आणि डिंकच, पण रंगाचं प्रमाण जास्त, त्यामुळे गडदावर फिकट चढतो. पारदर्शक जलरंगाचा आग्रह धरणारे मित्र याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. ढगातून एकदम आलेला प्रकाश खरोखरच अंधारावर येऊन पडतो. तो तसाच रंगवायला हरकत कसली?

सातारा, मंगळवार

उद्या परत. कागद गठ्ठ्यात घालण्याआधी पंख्याखाली नीट वाळवले. ओलीत गुंडाळले तर बुरशी धरते आणि कागदावरचं सरसाचं आवरण सैल होतं. मग पुढचा वॉश टिपकागदासारखा शोषला जातो.

निसर्गात बसून चित्र काढणारे आता पुष्कळ झालेत, गटागटाने कासला येतात. फार आनंदाची गोष्ट आहे. त्या सगळ्यांना एक विनंती. ब्रश धुतलेलं पाणी सड्यावर ओतू नका. त्यात कॅडमियम, कोबाल्टसारख्या धातूंची संयुगं असू शकतात, आणि सड्याचं पाणी मुरून नाहीसं होत नाही. पोषण नसलेल्या निर्मळ पाण्यावरच तिथली छोटी झाडं जगतात. तेच पाणी कास तलावात उतरतं आणि तिथून सातारा शहर पाणी पितं. घट्ट झाकणाची एक रिकामी बाटली जवळ ठेवा, मळकं पाणी तिच्यात भरा, घरी घेऊन जा. आणि पायवाट सोडून बसू नका, कितीही सुंदर जागा दिसली तरी.