चिंचोटीचा नाका आणि मोटारीचे कुळ

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगरापाशी चिंचोटी हे गाव आहे. पावसाळ्यात येथील धबधबा पाहावयास पुष्कळ मंडळी येतात; एरवी कामण-भिवंडीकडे वळणाऱ्या अवजड गाड्यांचाच येथे राबता. अशा ठिकाणी मोटारी दुरुस्त करणारे कारागीर असावयाचेच. वज्रेश्वरीच्या वाटेवर आमच्या एका स्नेह्यांच्या १९५४ सालच्या डॉज किंग्सवेच्या डाव्या चाकातील हवा येथे गेली, आणि त्या निमित्ताने एक निराळीच विद्या आम्हांस पाहावयास मिळाली.

तरुण कारागीर चाकाचा बोल्ट सोडवू लागला. परंतु जोर लावावा तसा तो अधिकच आवळे. तोच एक वृद्ध मिस्त्री पुढे झाले. "अरे थांब, तोडशील! ह्या गाडीचे डावीकडचे आटे उलटे असतात." बोल्टच्या माथ्यावर 'एल' हे इंग्रजी अक्षर पुसट दिसत होते. चाक फिरताना बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून क्रायस्लर कंपनी त्या काळी अशी योजना करीत असे.

ही गाडी नावाने अमेरिकन, पण जुळणी कुर्ल्याची. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात परदेशांतून सुटे भाग येत आणि येथील कामगार त्यांतून मोटार उभी करीत. डॉज किंग्सवे, प्लिमथ सॅव्हॉय व डिसोटो डिप्लोमॅट ही नावे तीन, पण सांगाडा बहुतांशी एकच. फरक काय तो दर्शनी जाळीचा, नक्षीचा आणि नामपट्टीचा. तेव्हा नाव वाचून भाग मागविणारा फसला तर नवल नाही.

आमच्या स्नेह्यांचे दुखणे हेच होते. इंजिनाच्या माथ्याखालील गॅस्केट गळू लागलेले. 'डॉजचे' म्हणून अमेरिकेहून दोनदा आणविलेले बसेना. वडिलांची गाडी अखेर भंगारात घालावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडून टेप लावली व म्हणाले, "नाव राहू द्या, साहेब. हे पंचवीस इंची आहे." अमेरिकेतील डॉज-प्लिमथच्या सहा सिलिंडरी इंजिनाचा माथा सुमारे २३ इंच लांब, तर कॅनडात त्याच नावांच्या गाड्यांना सुमारे २५ इंची माथ्याचे इंजिन असे. एकाचे गॅस्केट दुसऱ्यास बसावे कसे? आमच्या स्नेह्यांनी तो आकडा तेथल्या तेथे टिपून घेतला. भंगाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

विजेच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. ह्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची आणि तिचे धन टोक सांगाड्यास जोडलेले. हल्लीच्या प्रघाताच्या नेमके उलट. सवयीने तारा जोडणारा नुकसान करून बसतो.

ज्या घरी अशी वडिलार्जित मोटार असेल, तेथील मंडळींस आमचे एवढेच सांगणे की, काढलेला मोडका भागही टाकून देऊ नये. त्यास चिठ्ठी बांधावी. लांबी, आट्यांची दिशा आणि कोरलेले अंक वहीत लिहावे. नवा भाग मागविताना नावापेक्षा मापावर भिस्त ठेवावी. आणि गाडी ओळखणारे मिस्त्री भेटले, तर त्यांच्याकडून चार गोष्टी विचारून उतरवून घ्याव्या. त्यांची ही विद्या हातात आहे. कागदावर ती फारच थोडी आली आहे.