कोपऱ्यातला माणूस

भिंत कोणाची, हा प्रश्न मराठी घरात कधीही मालकाच्या बाजूनं सुटत नाही. खरेदीखत आपल्या नावावर असतं, हप्ते आपण फेडतो. पण भिंतीवर काय लागायचं ते दुसरेच ठरवतात. एका खिळ्याला कॅलेंडर, दुसऱ्याला सासुरवाडीकडून आलेलं घड्याळ, आणि उरलेल्या जागेवर पावसाळ्यात ओल. अशा माणसाला हक्काची भिंत उरते ती एकच : कॉम्प्युटरचा पडदा. त्यावर लावायच्या चित्राला वॉलपेपर म्हणतात. त्याला खिळा लागत नाही, शिडी लागत नाही, आणि ठोकाठोकीबद्दल शेजारी भांडायला येत नाहीत.

गंमत अशी, की ही हक्काची भिंतसुद्धा बहुतेक लोक जशी आली तशीच ठेवतात. २००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि त्याच्याबरोबर एक हिरवीगार टेकडी आली. चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकारानं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात तो फोटो काढला होता. पुढं बघावं त्या हपिसात ती टेकडी दिसू लागली. आमच्याकडचे एक गृहस्थ ती पाचगणीचीच आहे असं शपथेवर सांगत, आणि ‘अहो, तिथं मी भजी खाल्लीत!’ असा पुरावाही देत.

निवृत्तीनंतर मी ठरवलं, आपल्या भिंतीवर आपला माणूस हवा. कोणता, तेही ठरलेलं होतं : आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलाच्या कडेनं टिकाव धरून राहिलेले चार केस. १९५१ पासून तो टाइम्स ऑफ इंडियात भल्याभल्यांच्या मागं उभा राहिला आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून आमचे अण्णा तो पेपर घेत. इंग्रजी कोणाचंच सुधारलं नाही. पण अण्णा रोज तो छोटा चौकोन कापून एका जुन्या खतावणीत खळीनं चिकटवत. अण्णा गेल्यावर वाटणीत खतावणी माझ्याकडे आली. तिच्यावर दुसऱ्या कोणी हक्कही सांगितला नाही.

भाच्याला बोलावलं. त्यानं ‘गिम्प’ नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला, आणि तो फुकट मिळतो. हे दुसरं कळल्यावर माझा कलेकडचा ओढा एकदम वाढला. कात्रण स्कॅन केलं. पिवळा पडलेला कागद ‘लेव्हल्स’ची खिट्टी सरकवल्यावर पांढरा झाला आणि शाई काळीकुळकुळीत. आता फक्त माणूस वेगळा काढायचा.

त्यासाठी जादूची कांडी असते. एका ठिपक्यावर टेकवली, की त्याला लागून असलेले त्याच रंगाचे सगळे ठिपके ती पकडते. भाच्यानं कागदाच्या पांढऱ्यावर ती टेकवली आणि ‘डिलीट’ दाबलं. कोटाच्या रेघेत कुठंतरी मुंगीएवढी फट होती. तेवढ्या वाटेनं कांडी आत शिरली. कोटाचं कापड गेलं, धोतर गेलं, हवेत नुसत्या रेघा लोंबत राहिल्या. सामान्य माणसाला इतक्या झटपट नागवता येतं, हे मी अर्थसंकल्पाबाहेर प्रथमच पाहिलं. सुदैवानं इथं ‘कंट्रोल झेड’ असतं. तेवढं दाबलं, कपडे परत आले.

मग चित्र आठपट मोठं करून एकेक फट काळ्या ठिपक्यांनी बुजवायला बसलो. दोन संध्याकाळी त्या कोटावर गेल्या. एवढ्या जवळून पाहिल्यावर लक्ष्मण यांच्या ब्रशचं मोल कळतं. रेघ कुठं जाड होते, कुठं केसासारखी बारीक होते, पण कुठंही घाबरत नाही. मध्येच खांद्यावर एक तपकिरी डाग लागला. “मामा, हा घालवू का? एका मिनिटाचं काम आहे.” तो खळीचा डाग होता. “राहू दे,” म्हटलं. “कोटाला पडायचेच.”

आता प्रश्न आला, उभा कुठं करायचा? पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपक्यांची ऐसपैस जागा. भाच्यानं त्याला बरोबर मधोमध घेतला, तिप्पट वाढवला, मागं सूर्योदय घातला आणि डोक्याभोवती उजेड सोडला. थेट भावी नगरसेवक! खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दहा-बारा चेहरे टाकले असते, तर चौकात लावता आला असता.

“अरे, हा मधे उभा राहणारा माणूस नाही.”

“काय मामा! १९८८ साली तिकीट निघालंय त्याचं. पुण्यात सिंबायोसिसमध्ये पुतळा, वरळीला समुद्रापाशी पुतळा!”

“पुतळा केला लोकांनी. तो तिथंही गुपचूप बघतच उभा आहे.”

सूर्योदय पुसला. मागं जुन्या पेपराचा फिका पिवळा रंग भरला, चित्र लहान केलं आणि उजवीकडे खाली, घड्याळाच्या जरा वर नेऊन ठेवलं. तिथं पोचल्याबरोबर त्याच्या जिवात जीव आला. आमच्या घरातल्या लग्नांच्या ग्रुपफोटोंत अण्णा असेच कडेला सापडतात. एका फोटोत तर त्यांचा नुसता खांदाच आहे, आणि तो त्यांचा आहे हे आम्ही कोटावरून ओळखतो.

बायकोनं येऊन पाहिलं. “अहो, एवढी भिंत मोकळी, आणि त्यांना कोपऱ्यात का उभं केलंत?”

“ते कधी मधे उभे राहिलेत?”

ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. मग ती वीजबिलांची फाईल तेवढी त्यांच्या डोक्यावरून काढा.”

काढली.