मोत्या, दूधवाला आणि एक परिपत्रक

जबलपूरला बदली होऊन मला वर्षही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात मुलाला नोकरीनिमित्त परदेशी जावे लागले आणि बंगळूरला त्याने पाळलेला कुत्रा आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी बंगल्यात येऊन दाखल झाला. पांढरा रंग, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका, आखूड केस, रुंद जबडा, वजन सव्वीस किलो, वय दोन वर्षे. मुलाने त्याचे नाव ‘टँक’ ठेवले होते. रणगाड्याच्या नावाने हाक मारायला पत्नीने पहिल्याच दिवशी नकार दिला आणि त्याचा मोत्या झाला.

त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत जातीच्या रकान्यात विकणाऱ्याने ‘बुल टेरियर’ लिहिले होते. पुढच्या एका पानावर बंगळूरच्या डॉक्टरांनी ‘पिटबुल क्रॉस’ असे नोंदवले होते. जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासूनचे. तिथे नेले तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले, हसले आणि ‘मिश्र’ असे लिहून मोकळे झाले. एकाच प्राण्याच्या तीन जाती, तिन्ही शिक्क्यानिशी! जातीच्या दाखल्यांचे घोळ आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको होते. पण पुढे याच रकान्याला किती महत्त्व येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी वर्तमानपत्र घ्यायला फाटकापाशी गेलो आणि परतताना कडी लावायला विसरलो. दहा मिनिटांनी दूधवाला सायकलवरून आला, फाटक ढकलून आत शिरला. मी आतून धावत येईपर्यंत मोत्याने त्याचा उजवा हात कोपराखाली पकडला होता. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही, नुसती पकड. या जातकुळीचे कुत्रे एकदा पकडले की सोडत नाहीत असे ऐकले होते. ते का, हे त्या दिवशी समजले. दूधवाला घाबरून हात ओढत होता आणि ओढल्यामुळेच जखम वाढत होती. मी गळपट्टा पिळून धरला, तेव्हा कुठे जबडा सुटला. हे सारे अर्ध्या मिनिटात झाले असेल. मला ते अजून संपलेले वाटत नाही.

नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली, गाडी काढून रुग्णालयात नेले. जखम तिसऱ्या श्रेणीची ठरली. म्हणजे लशीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही टोचावे लागते. मोत्याच्या लशी वेळेवर झालेल्या होत्या, तरी धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. त्या माणसाचे नऊ दिवस काम बुडाले. त्याची भरपाई आणि औषधाचे पैसे घेऊन मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो खाटेवरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, “साहब, गलती मेरी थी. मैंने घंटी नहीं बजाई.”

फाटक उघडे मी ठेवले. कुत्रा माझा. आणि क्षमा मागत होता तो.

अर्थशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला रोनाल्ड कोस यांचा १९६० चा सामाजिक खर्चावरचा निबंध होता. त्यात एक गुराखी आणि एक शेतकरी शेजारी शेजारी असतात. गुरे शेतात शिरून पीक खातात. कोस म्हणतात की वाटाघाटींना काही खर्च पडत नसेल, तर नुकसानीची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाका, दोघे आपसांत बोलून सारख्याच तोडग्यावर पोचतील. परीक्षेत मी यावर चांगले गुण मिळवले होते. अर्थात वाटाघाटींना खर्च पडतोच, हे कोस यांनाही मान्य होते आणि निबंधाचा निम्मा भर त्यावरच आहे. पण त्या दूधवाल्याच्या अंगणात उभे असताना मला जाणवले की, इथे वाटाघाटीचा खर्च कागद, वकील, वेळ यांचा नव्हताच. तो माझ्या गाडीवरच्या पाटीचा होता. सरकारी बंगल्यातल्या कुत्र्याने चावले म्हणून तक्रार करण्याचा खर्च त्याने मनात मोजला आणि त्याला तो परवडला नाही.

थोडा विचार केला तर दिसते की, मोठ्या, ताकदवान कुत्र्यांचे दात लागतात ते बहुधा फाटकाशी येणाऱ्या माणसाला. दूधवाला, माळी, टपालवाला, पार्सल आणणारा मुलगा, धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे मागे मागे येणारे पोर. (अर्थात घरच्यांनाही लागतात. २०२२ च्या जुलैत लखनऊमध्ये घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या वृद्धेचा जीव घेतला होता, ते वाचकांना आठवत असेल.) आणि आपली सारी व्यवस्था चालते ती तक्रारीवर. तक्रार आली तर कारवाई. भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच २८९ वे कलम होते आणि दंड एक हजारापर्यंत होता. दंड पाचपट झाला, हे चांगलेच. पण जो तक्रारच करणार नाही, त्याच्या दृष्टीने हजार काय आणि पाच हजार काय?

मी एक खटाटोप करून पाहिला. संबंधित कार्यालयात जाऊन स्वतःच लेखी कळवले की, माझ्या मालकीच्या कुत्र्याने अमुक तारखेला एका इसमास चावा घेतला, चूक माझी होती, नोंद घ्यावी. लिपिकाने अर्ज दोनदा वाचला. “साहब, अपने ही कुत्ते की शिकायत?” त्याच्या नोंदवहीत तक्रारदार असा रकाना होता, मालक असा नव्हता. त्याचा काही दोष नाही, रकाने वरून ठरून येतात. रुग्णालयाच्या केसपेपरवरही जखमेची श्रेणी होती, डोस होते. कुत्रा पाळीव की भटका, पाळीव असेल तर कोणाचा, यासाठी जागा नव्हती. म्हणजे सरकारदरबारी ही घटना घडलीच नाही.

आणि मग १२ मार्च २०२४ चे परिपत्रक आले. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना लिहिले की, तेवीस प्रकारचे कुत्रे हिंस्र असल्याने त्यांची आयात, पैदास, विक्री आणि पाळण्याचे परवाने बंद करावेत, जे आधीच पाळलेले आहेत त्यांची नसबंदी करावी. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता, अकिता होता. एका ठिकाणी ‘टेरियर’ एवढाच शब्द होता. त्यात मांडीवर बसणारे यॉर्कशायर टेरियरही येतात. टोसा हा जपानी कुत्रा एकदा ‘टोसा इनू’ म्हणून आणि पुन्हा एकदा ‘जपानी टोसा’ म्हणून आला होता. आयुष्यभर मसुदे तपासलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून वाईट वाटले. नस्ती वर जाताना वाटेत कोणीतरी थांबून वाचायला हवी होती. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही म्हणून, ते रद्द केले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढेही ते टिकले नाही आणि सरकारला हरकती मागवण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

त्या महिनाभरात ओळखीचे लोक विचारत, आता मोत्याचे काय? मी पुस्तिका उघडून दाखवी. पहिल्या पानाप्रमाणे तो टेरियर म्हणून यादीत, दुसऱ्याप्रमाणे पिटबुल म्हणून यादीत, तिसऱ्याप्रमाणे यादीबाहेर. मला हवे ते पान पुढे करण्याची सोय होती, आणि हा माझ्या मते अशा बंदीतला खरा दोष. तो कुत्राप्रेमींच्या भावनांशी संबंधित नाही, अंमलबजावणीशी आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये चार प्रकारांवर बंदी घातली. पुढे एक्सएल बुली नावाची नवी पैदास यादीबाहेर वाढली आणि २०२३ च्या अखेरीस तिच्यासाठी वेगळे निर्बंध आणावे लागले. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी पंधरा वर्षे चालवून २००८ मध्ये उठवली, कारण चाव्यांचे प्रमाण घटले नव्हते.

या कुत्र्यांचा मूळ इतिहासही थोडा असाच आहे. इंग्लंडात बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला. बैल लपवता येत नाही, कुत्री लपवता येतात. तेव्हा शौकीन कुत्र्यांच्या चोरट्या झुंजींकडे वळले आणि त्यासाठी बुलडॉग व टेरियर यांचा संकर वाढला. अर्थशास्त्रात याला पर्यायी वस्तूकडे वळणे म्हणतात. आपल्याकडेही झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये!

मग करावे काय? मला वारंवार आठवतो तो आपला कोंडवाडा. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. इकडे त्याला कांजी हाउस म्हणतात. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गाय गवळाऊ की गीर, हे कोणी विचारत नसे. गुरे कोंडली जात, मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरला की सुटत. शेतकऱ्याला मालकाच्या दारात जाऊन भांडावे लागत नसे. (पाटलाची गुरे कितपत कोंडवाड्यात जात, हा प्रश्न आहेच, आणि तो मी विसरलेलो नाही.) कॅनडातल्या कॅलगरी शहराने २००६ च्या उपविधीत हीच दिशा धरली: जात न पाहता प्रत्येक कुत्र्याला परवाना, आणि वागणुकीची जबाबदारी मालकावर. आपल्याकडे याला जोडून एवढे करता येईल की, चाव्याच्या प्रत्येक केसपेपरवर मालकाचा रकाना असावा आणि तो भरला की कागद रुग्णालयातूनच परस्पर नोंदणी कार्यालयात जावा. चावलेल्या माणसाने तक्रार करायची की नाही, हा प्रश्नच उरू नये. मोठ्या आणि ताकदवान कुत्र्याच्या मालकाकडून विमा मागायलाही माझी हरकत नाही. वजन काट्यावर कळते, जातीसारखा त्यात वाद होत नाही.

मालक म्हणून मी काय केले, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे सारे दुसऱ्यांना उपदेश ठरेल. पहिल्या फाटकाच्या आत दुसरे, आपोआप बंद होणारे फाटक बसवले. मोत्याची नसबंदी करून घेतली. बाहेर नेताना जाळीचे मुसके घालतो. मळणीच्या बैलाला बांधत तसे मुसके म्हणजे अन्याय असे आधी वाटायचे. पण कुत्र्याला त्यातून तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येते, आणि जबलपूरच्या मे महिन्यात ते अत्यंत गरजेचे आहे. ते त्याच्या अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले; रोज मुसक्यातून भाकरीचा तुकडा. साखळीने कधी बांधत नाही. फार्महाउसवर आणि गोदामांत असे कुत्रे दिवसभर साखळीला बांधून ‘राखणीला’ ठेवतात. त्याने राखण होत नाही, फक्त राग साठतो. या कुत्र्याला काम लागते. सकाळी पाचला छावणीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याने तो छातीपट्ट्याला बांधलेले स्कूटरचे जुने टायर ओढत माझ्यापुढे चालतो. अर्धा तास ओढले की दिवसभर शांत असतो. सुरुवातीला लोक हसत असत, आता हसत नाहीत. दुसरे कुत्रे दिसले की मी रस्ता बदलतो. त्याला माणसांशी जमवून घेता आले, कुत्र्यांशी येणार नाही, हे मान्य केले आहे.

दोन वर्षांनी मी निवृत्त होईन. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुसरे फाटक नसेल आणि पहाटेचा मोकळा रस्ताही नसेल. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना मी आताच पत्र लिहून मोत्याचे वजन, वय आणि ऑक्टोबर २०२३ ची घटना कळवली आहे. उत्तर अजून आलेले नाही. पत्नीचे म्हणणे, घटना कळवायची काय गरज होती? कोणाला माहीत होती?

दूधवाला अजून येतो. पहिल्या फाटकाच्या बाहेर, वळणावरूनच घंटी वाजवायला लागतो आणि मी बाहेर येईपर्यंत वाजवतच राहतो. गरज नाही म्हणून मी त्याला अनेकदा सांगून पाहिले.