आजीचा मोठा फोटो

मुलांनो, तुमच्या घरात भिंतीवर एखादा मोठा फोटो आहे का? असला तर तो बहुधा गेलेल्या माणसाचा असेल आणि त्याला हार घातलेला असेल. आमच्या धामणगाव बढ्याला तरी हीच रीत. माणूस आहे तोवर त्याचा नीट फोटो काढायला कुणाला सवड नसते. तो गेला की मग शोधाशोध!

2018 साली माझे आजोबा गेले तेव्हा आमचंही तेच झालं. बरा म्हणावा असा एकच फोटो सापडला. चुलतबहिणीच्या लग्नातला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. मोबाइलवर झकास दिसत होता. मी तो शहरातल्या एका दुकानात नेला आणि 30 इंच उंचीचा प्रिंट फ्रेम करून आणला. आजी अगदी जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तं यायचे डोयेच नाईत रे."

खरंच नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन काळपट डाग होते. गाल मेणासारखे गुळगुळीत झालेले, कानाजवळची चामखीळ तर पार पुसली गेलेली.

मला दुकानदाराचा राग आला. पण घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं की चूक माझीच होती. तो हिशेब तुम्हालाही जमेल, पाचवीचं गणित आहे. डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आजोबांच्या फोटोत उभे 1600 आणि आडवे 1200 ठिपके होते. ते 30 इंचांवर पसरले की एका इंचाच्या वाट्याला येतात जेमतेम 53. हातात धरून पाहायच्या छान प्रिंटला इंचाला 300 ठिपके लागतात. म्हणजे तो फोटो साडेपाच इंचांच्याही आतला होता आणि मी त्याला ताणून 30 इंचांचा केला होता!

आता तुम्ही विचाराल, मग चौकातले एवढाले बॅनर कसे दिसतात बरे? कारण ते आपण लांबून पाहतो. यालाही एक सोपा ठोकताळा आहे. 3440 ला अंतराच्या इंचांनी भागायचं. फूटभरावरून, म्हणजे 12 इंचांवरून पाहिलं तर निरोगी डोळ्याला इंचात साधारण 287 ठिपके वेगळे ओळखता येतात. तीन फुटांवरून 95 च. म्हणून फोटोग्राफीच्या पुस्तकांत म्हणतात, प्रिंट मोठा तर ठिपके थोडे कमी चालतात, कारण माणूस मागे सरकून पाहतो. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी माझी आजी पाहिलेली नाही. आपल्या माणसाचा चेहरा मागे सरकून कोण पाहतं?

तेव्हाच ठरवलं, आजीचा मोठा फोटो ती असतानाच काढायचा आणि त्यासाठी कॅमेरा घ्यायचा.

दुकानांत गेलो तर जो तो एकच शब्द ऐकवी, मेगापिक्सेल! एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. पण यात एक गंमत आहे, बरं का. 12 ऐवजी 24 मेगापिक्सेल घेतले म्हणून फोटो दुप्पट लांबीचा होत नाही. ठिपके लांबीतही वाटले जातात आणि रुंदीतही, त्यामुळे लांबी वाढते दीडपटीपेक्षाही कमी. दुप्पट लांबी हवी तर ठिपके चौपट लागतात.

मग मोबाइलवर 50 किंवा 200 मेगापिक्सेल लिहिलेलं असतं त्याचं काय? अंगणात पावसात एक घमेलं ठेवा आणि शेजारी एक वाटी ठेवा. पाणी कशात जास्त साचेल? कॅमेऱ्यात उजेड झेलणारा जो तुकडा असतो त्याला सेन्सर म्हणतात. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात तो सुमारे 23 बाय 15 मिलिमीटरचा असतो, मोबाइलमध्ये बहुधा नखापेक्षाही लहान. त्या नखाएवढ्या जागेत कोट्यवधी ठिपके दाटीनं बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंबभर उजेड येतो. म्हणून असे बरेच मोबाइल चार-चार ठिपके जोडून एकच ठिपका करतात. 50 चे उरतात साडेबारा. भर उन्हात मोबाइलचा फोटो सुरेख येतो, पण आमच्या माजघरात नाही.

1975 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या फोटोत सगळे मिळून दहा हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. त्याच्याही आधी, 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली तेव्हा तर काचेवर फोटो घेत आणि ती काच कागदावर ठेवून उन्हात छापत. जेवढी काच तेवढाच फोटो! मोठा फोटो हवा असेल तर कॅमेराच पेटीएवढा न्यायचा. त्या मानानं आपण सुखी.

अखेर मी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून 24 मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर घेतला. 2012 पासून एवढे ठिपके साध्या कॅमेऱ्यांतही मिळू लागले होते, नव्याकोऱ्याची गरजच नव्हती. फोटोत 6000 बाय 4000 ठिपके, म्हणजे 30 इंचांवर इंचाला 200. वाचलेल्या पैशांत 50 मिलिमीटरची चांगली लेन्स आणि एक भक्कम तिपाई आली. ही तिपाई विसरू नका. हात केसभर हलला तरी मोठ्या प्रिंटमध्ये तो हातभर दिसतो.

खरी अडचण पुढेच होती. आजी बसायलाच तयार होईना! "मी काय मेली का रे, भितीले टांगाले?" असं म्हणून ती चक्क वावरात निघून गेली. चार दिवस मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी ती आपणहून ओसरीच्या दाराशी सकाळच्या उजेडात तूर निवडायला बसली. लुगडं मात्र नवं होतं. मी तिपाई लावली, डोळ्यांवर फोकस धरला आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घेतला. ती मान वर करून म्हणाली, "झालं का?" तोच फोटो चांगला आला.

प्रिंट घरी आला त्या दिवशी आजी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. चेहरा तिनं पाहिलाच नाही. आधी तुरीचे दाणे पाहिले, मग मनगटावरचं गोंदण. बोट ठेवून एकेक ठिपका मोजला आणि हसून म्हणाली, "हा एक वाकडा हाये पाय. मी लय रडत होती ना तवा, हात हालला."

आजोबांचा तो लग्नातला फोटो मी नंतर पोस्टकार्डाएवढा छापून आणला. त्यात डोळे आहेत, चामखीळही आहे. आजीनं तो आपल्या ट्रंकेत झाकणाच्या आतून चिकटवलाय.