अकरा लिटर हवा

सबवूफरच्या डब्याचं गणित शाळेतलंच. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. भागिले हजार केलं की लिटर. माझ्या बारा इंची वूफरबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं : बंद डबा, ३४ लिटर. वूफरचं मागचं लोहचुंबक आणि सांगाडा अडीच लिटर जागा खातात, ते धरून मी माप काढलं, ४० × ३५ × २६ सेंटिमीटर. आणि ते अप्पांना फोनवर सांगितलं.

अप्पा सुतार. कराडला चाळीस वर्षं रंधा आणि करवत. एमडीएफला ते अजून ‘भुसा’च म्हणतात, पण माझ्यासाठी अठरा एमएमचा भुसा आणला, फेविकॉल आणि स्क्रू लावून दोन दिवसांत डबा तयार केला. सांधे असे की नख जाणार नाही.

गाडीत लावला आणि वाट लागली. कुठलंही गाणं लावा, एकच ‘धुम्म’. ढोल, बेस गिटार, बेंजोमागचा पॅड, सगळ्यांचा एकच सूर. अँप बदलायच्या गोष्टी मी सुरू केल्या होत्या. मग सहज टेप धरला. ४० × ३५ × २६. बरोबर. पण बाहेरून.

सगळीकडून अठरा-अठरा मिलिमीटर वजा करा, आत उरतात २५.६ लिटर. जवळपास अकरा लिटर हवा गायब. बंद डब्यातली हवा म्हणजे वूफरच्या मागची स्प्रिंग. हवा कमी, तर स्प्रिंग कडक; मग खालचा खर्ज दबतो आणि वरती एका ठिकाणी आवाजाला टेंगूळ येतं. तेच ते धुम्म.

मी चिडून फोन केला. “अप्पा, आतून म्हणालो होतो मी!”

“बाहेरून म्हणालास.”

म्हणालो नव्हतो. त्यांनी विचारलं होतं, “आतून का बाहेरून?” आणि मी “आतून” म्हणालो तेव्हा मागे मशीन चालू होतं. आई गेलं वर्षभर सांगते आहे, टीव्हीचा आवाज वाढत चाललाय. मशीनवर उभं राहणाऱ्याचे कान आधी बारीक, वरचे आवाज सोडतात. म्हणजे स, त, क ही अक्षरं. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. आणि अप्पा परत विचारत नाहीत. अंदाजाने मान हलवतात. मी हे बघत होतो, फक्त माझ्या डब्यापर्यंत ते आलं नव्हतं.

रविवारी डबा घेऊन गेलो. नवीन करू, म्हणालो. ते म्हणाले, “गळा घालू.” म्हणजे मागून डबा आडवा कापायचा आणि मधे चौकट बसवायची. डिकीत सीएनजीची टाकी आहे, सात सेंटिमीटरच्या वर जागा नव्हती. अप्पांनी चौकट ७३ मिलिमीटरची कापली. “तीन करवत खाते,” म्हणाले. हे माझ्या गणितात नव्हतं.

आता वूफर धरून ३१ लिटर. उरलेले तीन जुन्या उशीतल्या फायबरने भरून काढले. उलटं वाटतं, पण भरल्याने डबा मोठा होतो : हवा दाबली की तापते, फायबर ती उष्णता शोषून घेतं, स्प्रिंग मऊ पडते. फार कोंबायचं मात्र नाही. सिलिकॉन सुकल्यावर गाणं लावून अप्पांनी सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. धूर कुठेच हलला नाही.

ढोल लागला तेव्हा त्यांनी डब्यावर तळहात ठेवला. “हे नीट येतंय,” म्हणाले. दोन गाणी तसेच बसून राहिले.

बाकीचं काय नीट येत नाही, ते मी तिथे विचारलं नाही. सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. वार, वेळ, पत्ता, सगळं त्यांच्याच पेन्सिलीने एमडीएफच्या तुकड्यावर लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, मागून पुढून बघितलं आणि म्हणाले, “सहा वाजता कारखाना बंद करतो मी. साडेसहाची घे.”