रघुनाथरावांच्या भरवशावर

पुणे

चि. निखिल यास,


लग्नाची पत्रिका मिळाली. परवा फोनवर तुझी आई, सून घरात कशी रुळेल या काळजीत होती, तेव्हा मागून तुझा आवाज आला, "मी असल्यावर तिला कसला त्रास होणार?" तू ते मनापासून म्हणालास, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच आहेराचं पाकीट बाजूला ठेवून तुला एक पुस्तक पाठवते आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो'. परीक्षेत कादंबरीचं आणि लेखकाचं नाव जुळवून एक-दोन मार्क मिळवले असशील. आता वाच.

जाडी बघून घाबरू नकोस. हे पुस्तक मुळात हप्त्याहप्त्याने आलं. 1890 साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 1893 पर्यंत त्यात ही कादंबरी चालली. सुरुवात केली तेव्हा ते 26 वर्षांचे होते, म्हणजे तुझ्याहूनही लहान. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ते 'आजकालच्या गोष्टी' म्हणत. हीही तशीच, तेव्हाच्या पुण्यातल्या ब्राह्मण घरांची गोष्ट आणि ती सांगते यमू. भातुकली, दादाशी भांडणं, आईची बोलणी, सगळं ती लहान मुलगी पाहते तसं. तिला अर्थ कळत नाही, आपल्याला कळतो. बाईच्या तोंडून बोलणाऱ्या पुरुष लेखकांवर माझा सहसा विश्वास बसत नाही, इथे बसला.

घर बघावं तर हरिभाऊंच्या नजरेने. कोणी कोणासमोर बसायचं, कोणी उभं राहायचं, कोणाचा आवाज माजघराबाहेर जाता कामा नये, वडील माणसांदेखत नवरा-बायकोने एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत आणि मोडायचं कोणाच्या मनातही येत नाही. यमूची आई गेल्यावर वडील दुसरं लग्न करतात, तेही पोरवयाच्या मुलीशी, आणि त्यात कोणाला फारसं वावगं दिसत नाही. यमूची मैत्रीण दुर्गी नवऱ्याच्या हातून हाल सोसते. तिची कथा वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. लहानपणी एकत्र खेळलेल्या दोघींपैकी एकीला बरा नवरा मिळतो, दुसरीला नाही. दोघींमध्ये फरक असलाच तर तेवढाच.

आता तुझ्या कामाचा माणूस. यमूचा नवरा रघुनाथराव. शिकलेला, हळवा, बायकोला वाचायला लावणारा. एकत्र कुटुंबात बिचाऱ्याचं काही चालत नाही. पण मुंबईत बिऱ्हाड होतं तेव्हा दोघं मोकळी होतात. बोलतात, वाचतात, मित्रमंडळींत मिसळतात. हे भाग इतके गोड आहेत की वाचणाऱ्याला वाटावं, सुटला प्रश्न. मुलगे शिकवा, शहरात वेगळं घर करा, बायका आपोआप सुखी होतील. त्या काळच्या बऱ्याच सुधारकांनाही तसंच वाटे.

आणि रघुनाथराव आजारी पडून मरतात. (शेवट सांगितला म्हणून रागावू नकोस, वाट बघायला तुम्हा वाचकांना सव्वाशेच्या वर वर्षं मिळाली होती.) मुंबईचं बिऱ्हाड मोडतं, यमू परत मोठ्या घरात येते आणि तिच्या नकाराला न जुमानता, सासरच्या शंकर मामंजींच्या कारस्थानाने तिचं केशवपन होतं. ती वाचू लागली होती, विचार करू लागली होती. त्यातलं काहीही तिला वाचवू शकलं नाही. तिच्या नावावर घर नव्हतं, पैसा नव्हता, जायला जागा नव्हती. जे काही सुख होतं ते एका भल्या माणसाच्या श्वासावर टांगलेलं होतं. लेखक स्वतः सुधारकी मताचा असूनही त्याची कादंबरी सुधारकांच्या त्या लाडक्या उपायाचा फोलपणा दाखवून जाते. माझ्या मते तिचं मोठेपण यात आहे.

बाहेर काय चाललं होतं तेही लक्षात घे. कादंबरी छापून येत असतानाच, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं वय 10 वरून 12 वर नेण्यावरून पुणं पेटलं होतं. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे यमूसारख्यांना कागदावर मोकळीक होतीच. पण पुन्हा लग्न केलं तर आधीच्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्याच कायद्याने सुटायचा. एकत्र कुटुंबात विधवेला पोटगीपलीकडे फारसं काही नसे. वाटा मिळाला 1937 च्या कायद्याने, तोही हयातीपुरता. पूर्ण मालकी 1956 मध्ये.

कादंबरीचे दोष मला दिसतात. हरिभाऊ मध्येमध्ये उपदेश करतात आणि शंकर मामंजी इतके काळे रंगवले आहेत की वाचणारा सुटतो. आपण काही तसे नाही, असं म्हणायला मोकळा होतो. शिवाय सगळं घडतं ते एका जातीच्या चार-पाच वाड्यांत. केशवपनाचा वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे या पुस्तकातून कळत नाही. पण ते नोंदलेलं आहे. 'करमणूक' निघालं त्याच 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन, यापुढे विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवलं. शारदासदन या शाळेत शिकलेल्या विधवा गोदूबाईंनी 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, तेव्हा कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. हे शेजारी ठेवून वाचलंस तर हरिभाऊंचं चित्र पुरं होईल.

आता तसं काही राहिलं नाही, असं म्हणशील. केशवपन गेलं, खरं. पण बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो मे 2022 मध्ये. मग राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तोच कित्ता गिरवावा असं सांगितलं. प्रथा चालू होती म्हणूनच ठराव लागला ना?

तू रघुनाथरावांसारखाच आहेस, हे मी कौतुकाने म्हणते. कादंबरी मात्र यमूच्या बाजूने वाच आणि तुझ्या होणाऱ्या बायकोलाही, श्वेताला, वाचायला दे. आणखी एक काम कर. हिंजवडीला जो फ्लॅट घेता आहात, त्याच्या करारनाम्यावर श्वेताचंही नाव आहे की नाही, ते मला उलट टपाली, म्हणजे तुमच्या भाषेत व्हॉट्सॲपवर, कळव. नसेल तर लग्नाआधी घालून घे.

तुझी,
आत्या